शाफ्ट वाकतोय, काय कराल?

माझ्या टेबलाचा उजवीकडचा खालचा ड्रॉवर एका हाताने उघडत नाही. आत दहा-बारा किलो लोखंड आहे. दात उडालेला एक गिअर, मान मोडलेला बोल्ट, आटे खाल्लेली बुश, कीवेपाशी, म्हणजे चावी बसवायच्या खाचेपाशी, तुटलेला शाफ्टचा (फिरणाऱ्या दांड्याचा) तुकडा, आणि या सगळ्यांना पांढरं करून ठेवणारी खडूची पेटी. साफसफाईच्या मावशींनी दोनदा विचारून झालंय, "मॅडम, भंगारात देऊ का?" फाइव्ह एसच्या, म्हणजे कारखान्यातल्या टापटिपीच्या, ऑडिटमध्ये या ड्रॉवरला दर वर्षी रेड टॅग लागतो. ऑडिटवाले गेले की मी तो टॅग काढून त्याच ड्रॉवरमध्ये टाकते.

चाकणला आमचा मध्यम आकाराचा कारखाना आहे, गिअरबॉक्सचे भाग बनवतो. जून-जुलैत चार-पाच ट्रेनी इंजिनिअर घेतो. मुलाखतीला आलेल्या पोरांपुढे मी या ड्रॉवरमधलं काहीतरी ठेवते आणि विचारते, "काय झालं असेल याचं?" बहुतेक जण त्या वस्तूला हात लावत नाहीत. तेल लागेल म्हणून असेल, किंवा परवानगी नाही असं वाटत असेल. माझ्याकडे बघत उत्तर देतात. वस्तूकडे नाही.

मीही हात लावला नव्हता म्हणा.

मी पुण्यात आले २००९ च्या जूनमध्ये. मुहूर्त वाईट निघाला. आदल्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, आणि वर्ष संपायच्या आत पिंपरी-चिंचवडमध्ये ब्लॉक क्लोजर हा शब्द घराघरात गेला. ट्रक खपत नाहीत म्हणून महिन्यातले काही दिवस लाइनच बंद. मोठ्या घरची चूल थंडावली की भोसरीतल्या छोट्या शेडमध्ये भांडंसुद्धा वाजत नाही. कराडकडच्या आमच्या कॉलेजात कॅम्पसला एक कंपनी आली होती. तिने आम्हा सात जणांना ऑफर लेटर दिलं, रुजू होण्याची तारीख 'लवकरच कळवू' म्हणून. ते लवकरच अजून उजाडलेलं नाही.

नारायण पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत पाच कॉट, त्यातल्या चार एमपीएससीवाल्या. त्या पहाटे चारला उठून भूगोल घोकायच्या आणि मी त्यांच्या मेहनतीला बघून लाजून सहाला उठायचे. अप्पा बळवंत चौकातून मी टेक्निकल इंटरव्ह्यूच्या प्रश्नोत्तरांचं एक जाड पुस्तक घेतलं होतं. फ्लायव्हील आणि गव्हर्नर यांतला फरक काय? फ्लायव्हील एका फेऱ्यातले चढउतार सावरतं, गव्हर्नर लोड बदलला की सरासरी वेग राखतो. ऑटो सायकल, डिझेल सायकल, हूकचा नियम. सगळं इंग्रजीत, सगळं पाठ.

भोसरीतला पहिला दिवस फुकट गेला. फाइलमध्ये बायोडाटाच्या पंधरा प्रती घेऊन मी मनपावरून बस पकडली. वाकडेवाडी, मग खडकीत किर्लोस्करांचा १९४६ पासूनचा इंजिनांचा कारखाना, हॅरिस पूल, दापोडी. दापोडी आली की मी खिडकीतून मान बाहेर काढायची, कारण तिथे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे आणि अण्णा कराड डेपोत मेकॅनिक होते. दापोडी हे नाव आमच्या घरात काशीसारखं घेतलं जायचं. पुढे कासारवाडी, नाशिक फाटा, भोसरी. उतरले तर एमआयडीसीत चिटपाखरू नाही. शटरं खाली, कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपलेली. चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, "ताई, आज गुरुवार."

विजेचा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून इथल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हे कुठे नव्हतं. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

पुढचे दोन महिने गेटवर गेले. गेटवरचा वॉचमन हा भरतीतला पहिला अधिकारी. काही जण बायोडाटा घेऊन खरंच आत पाठवायचे, काही जण तुमच्यादेखत रजिस्टरखाली सरकवायचे. एकाने तर माझ्याच बायोडाटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गाडीचा नंबर लिहून घेतला. चिंचवडच्या एका कन्सल्टन्सीने नोंदणीचे पाचशे रुपये घेतले आणि महिन्याभरात ऑफिसची पाटीच उतरवली. त्यावर जास्त लिहावं एवढीही त्यांची लायकी नाही.

पहिली खरी मुलाखत झाली ती इंद्रायणीनगरकडच्या एका शेडमध्ये. दहा-बारा लेथ, दोन ड्रिलिंग मशिन, कोपऱ्यात पत्र्याची केबिन. मालक स्वतःच मुलाखत घेत होते, मराठीत. मराठीत घेतील हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"एम दहाचा टॅप मारायचाय. ड्रिल किती?"

म्हणजे दहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी आटे पाडायचेत, तर आधी भोक केवढं पाडायचं. मी सुरुवात केली. मेट्रिक थ्रेडचा कोन ६० अंश. मेजर डायमीटर म्हणजे अमुक. पिच म्हणजे एका आट्यावरच्या बिंदूपासून पुढच्या आट्यावरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर, अक्षाला समांतर मोजलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग केबिनच्या दारातून बाहेर हाक मारली. सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा हात पुसत आला. "एम दहाला ड्रिल किती रे?"

"साडेआठ," तो म्हणाला आणि परत गेला.

दहातून दीड वजा. दीड म्हणजे पिच, ज्याची व्याख्या मी अर्ध्या मिनिटापूर्वी शब्दशः बरोबर सांगितली होती. मालक हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "अभ्यास चांगला आहे तुमचा," म्हणाले. नोकरी नाही मिळणार हे सांगायची ती पद्धत होती.

दुसरा प्रश्न मात्र जास्त खोल रुतला. तळवड्याजवळची जरा मोठी कंपनी, समोर डिझाइनचे दोघे जण. त्यांतला एक म्हणाला, "पुलीच्या बाजूला शाफ्ट लोडवर वाकतोय. २५ मिलिमीटरचा आहे, ईएन ८ चा. काय कराल?" मला ईएन २४ माहीत होतं. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम, ताकद कितीतरी जास्त. पोलादाच्या प्रकारांची ही ईएन नावं जुन्या ब्रिटिश पद्धतीची. कागदोपत्री बदलली तरी इथल्या बाजारात आजही तीच चालतात. तेव्हा मी खुशीत सांगितलं, "ईएन २४ वापरू, सर. हार्डनिंग करून."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ओके. कळवतो."

उत्तर सापडलं परतीच्या बसमध्ये, निगडीहून मनपाला येताना. उभी होते. वरच्या दांड्याला आम्ही आठ-दहा जण लोंबकळत होतो, आणि ब्रेक लागला की दांडा मधोमध थोडा खाली जायचा, बस सुटली की सरळ. तुटत नव्हता, कायमचा वाकतही नव्हता, फक्त लवत होता. ताकदीचा इथे संबंधच नाही. लवणं अवलंबून असतं यंग्ज मॉड्युलसवर, म्हणजे धातूच्या ताठपणाच्या मापावर, आणि तो सगळ्या पोलादांचा जवळजवळ सारखा, २०० गिगापास्कलच्या आसपास. ईएन ८ घ्या, ईएन २४ घ्या, हार्डनिंग करा, करू नका. शाफ्ट तेवढाच लवणार. फरक पडतो व्यासाने, आणि तोही व्यासाच्या चौथ्या घाताने. २५ चा ३० केला तर व्यास १.२ पट, पण लवणं निम्म्याहून कमी, कारण १.२ चा चौथा घात दोनच्या जरा वर जातो. हे सूत्र मी परीक्षेत तीनदा लिहिलं होतं, त्यावर गुण घेतले होते. खडकीला उतरून परत जावं आणि सांगावं असं वाटलं. गेले नाही, पण त्या स्टॉपवर पाय घुटमळला होता.

याखेरीज माझ्यासाठी एक राखीव प्रश्न असायचा, जो माझ्याबरोबरच्या मुलांना कुणी विचारत नव्हतं. "नाइट शिफ्टचं कसं करणार?" हा प्रश्न मुळात मला विचारायचा नव्हताच. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ६६ व्या कलमाप्रमाणे बायकांना कारखान्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सात हीच सर्वसाधारण वेळ होती. म्हणजे मी हो म्हटलं तरी कायदा नाही म्हणत होता, आणि प्रॉडक्शनला तीन शिफ्ट असल्याने कंपनी त्या कायद्याकडे बोट दाखवत होती. नंतर महाराष्ट्रात तो नियम अटी घालून सैल झाला. २००९ मध्ये मात्र मला दर वेळी असं वाटायचं की कुणीतरी मला न सोडवता येणारं गणित देऊन उत्तराची वाट बघतंय. नातेवाईक सुधा मूर्तींचं उदाहरण द्यायचे, टेल्कोतल्या त्या पहिल्या महिला इंजिनिअर म्हणून. उदाहरण खरंच होतं. फक्त त्याने भोसरीतलं एकही गेट उघडत नव्हतं.

सप्टेंबर उजाडता उजाडता आकुर्डीत एका साहेबांनी बोलावलं. क्वालिटीचे प्रमुख, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. बायोडाटा उघडलाच नाही. ड्रॉवरमधून खडू काढून माझ्या हातात दिला. "पिळून तोडा."

मला वाटलं चेष्टा आहे. दोन्ही टोकं धरली, पिळला. खडू तुटला, पण सरळ आडवा नाही, तिरका, जिन्याच्या वळणासारखा. "असा का तुटला?" मी गप्प. "बरं, मऊ पोलादाची सळई अशीच पिळली तर?" आडवी तुटेल, एवढं आठवलं. का ते आठवेना. पाठांतर संपलं होतं. मग मी म्हटलं, "सर, अजून एक खडू मिळेल का?"

दुसरा खडू मी हळू पिळला, डोळ्यांजवळ धरून. तो तुटायच्या आधी कुठून ताणला जातोय ते बघायचं होतं. पिळताना खडूच्या अंगावर ४५ अंशांत एका दिशेने ताण येतो, आणि खडू ताण सोसत नाही, म्हणून तो त्या ताणाला आडवा फाटतो, गोल गोल. बिडाचा शाफ्टही असाच तुटतो. पोलाद ताण सोसतं, पण थरावरून थर सरकणं त्याला आधी जड जातं, म्हणून ते आडवं, सपाट तुटतं. हे मी अडखळत, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी सांगितलं. टेबलावर खडूचा भुगा, माझ्या ड्रेसवर खडूचा भुगा.

साडेसात हजार पगार, डे शिफ्ट, इन्स्पेक्शन. पहिले सहा महिने मी दिवसभर भोकांची मापं तपासायला गो आणि नो-गो गेज घालत बसले. गो जायला हवा, नो-गो जाता कामा नये. अण्णांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे वॉचमनच की तू." काही चुकीचं नव्हतं.

खडूचं गुपित कळायला दोन वर्षं गेली. साहेबांच्या निवृत्तीच्या आधी, दिवाळीच्या सफाईत, त्यांच्या कपाटातून एक तुटका शाफ्ट निघाला. मी विचारलं. त्यांनी तो उन्हात धरला. तुटलेल्या तोंडावर, कीवेच्या कोपऱ्यापासून निघालेल्या, पाणी ओसरल्यावर वाळूत राहतात तशा बारीक रेषा होत्या. फटीग. रोज थोडा थोडा, महिनोन्‌महिने तुटत आलेला. नोकरीच्या पहिल्या वर्षी हा शाफ्ट त्यांच्या हाती आला होता आणि त्यांनी रिपोर्टात लिहिलं होतं, ऑपरेटरने ओव्हरलोड केलं. ऑपरेटरचा तीन दिवसांचा पगार कापला गेला. रेषा त्यांना कळल्या पुढच्या वर्षी, दुसऱ्या एका तुकड्यावर. "तोवर तो माणूस सोडून गेला होता," ते म्हणाले आणि शाफ्ट माझ्याकडे दिला. तोच माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. मुलाखत घेणारा ज्या प्रश्नावर हट्टाने परत परत येतो, त्या प्रश्नाने त्याला कधीतरी खाली पाडलेलं असतं. आमचे टूलरूमचे प्रमुख प्रत्येकाला विचारतात, "ड्रॉइंग फर्स्ट अँगल की थर्ड अँगल?" वस्तूच्या बाजू कागदावर कुठे मांडायच्या याच्या या दोन पद्धती. आपल्याकडे फर्स्ट अँगलची रीत, अमेरिकेची ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये. कोपऱ्यातलं चिन्ह न बघता त्यांनी तरुणपणी अडीचशे तुकडे उलट्या हाताचे काढले होते, उजव्याचे डावे. शॉपचे मॅनेजर पिंपरीचे, ते कटिंग स्पीडवरून आरपीएम काढायला लावतात आणि समोरचा π विसरला की त्यांच्या चेहऱ्यावर जी कळ उठते ती समोरच्यासाठी नसते. आणि मी विचारते, २५ चा शाफ्ट लोडवर वाकतोय, ईएन ८ चा, काय कराल?

सोळा वर्षं झाली, अजून विचारते. तीन-चार वर्षांपूर्वी एका मुलाने माझ्यासारखंच खुशीत सांगितलं, "ईएन २४, मॅडम." मी कागदावर फुली मारली. संध्याकाळी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असताना ती फुली कुणाच्या नावापुढे मारली ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी एचआरला फोन करायला सांगितलं, तोवर तो तळेगावला रुजू झाला होता. बरं झालं त्याचं.

अलीकडे मात्र ते चुकीचं उत्तर फारसं येतच नाही. प्रश्न संपायच्या आत "मॅडम, यंग्ज मॉड्युलस सेम असतो, डायमीटर वाढवावा लागेल, डी रेझ्ड टू फोर" असं एका दमात येतं. शंभर प्रश्नांच्या याद्या मोबाइलवर फिरतात, त्यात माझा प्रश्नही गेलाय, बहुधा आमच्याकडेच नापास झालेल्या कुणीतरी घातलेला. मी चिडत नाही. पाठ करणाऱ्यांना मी काय बोलणार? पण मग कागद पुढे करून "२५ चा किती करू, सांगा" म्हटलं की पेन थांबतं. दोन वेगवेगळ्या पोरांनी मला ४० सांगितलंय. चाळीसचा केला तर बेअरिंग, पुली, ब्रॅकेट सगळं बदलेल हे कुणाच्या गावी नाही. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की भोकाचा व्यास मिळतो, ६२०५ म्हणजे २५, ६२०६ म्हणजे ३०. त्यांना हेही पाठ असतं. फक्त त्या दोन उत्तरांची एकमेकांशी ओळख करून दिलेली नसते.

माझंच सांगते. गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या वॉशिंग मशिनच्या, म्हणजे तयार भाग धुण्याच्या मशिनच्या, कन्व्हेअरची पुली हलते अशी तक्रार आली. मला कोण आनंद झाला! आयुष्यातला तो प्रश्न चालत दारात आला होता. शाफ्ट २५ चा ३० केला, ६२०५ काढून ६२०६ घातलं, ब्रॅकेटचं भोक ५२ चं ६२ करून घेतलं. तक्रार कमी झाली. मिटली नाही. मेंटेनन्सवाले बेल्टशी खटपट करत दिवस काढत राहिले आणि मी दुसऱ्या कामाला लागले.

या जुलैत बार्शीची एक मुलगी आली होती. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली, मार्क बेताचे. नाइट शिफ्टचं मी विचारलं नाही. विचारायचं नाही हे मी ठरवून ठेवलंय. नेहमीचा प्रश्न विचारला आणि नेहमीच्या उत्तराची वाट बघत पेन उघडलं.

तिने उत्तर दिलं नाही. म्हणाली, "मॅडम, शाफ्टच वाकतोय हे कशावरून?"

मी म्हटलं, "असं समजा."

"नाही, म्हणजे आमची पिठाची गिरणी आहे. शाफ्ट हलतो म्हणून बाबांनी दोनदा शाफ्ट बदलला. शेवटी पायाचे बोल्ट ढिले निघाले."

सोळा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तळवड्याच्या त्या दोघांना मीही विचारलं नव्हतं. मी तिला वॉशिंग मशिनची गोष्ट सांगितली, मुलाखत आहे हे विसरूनच. हालचाल मोजणारा डायल पुलीच्या टोकाला लावला होता, लोडवर काटा चाळीस घरं फिरायचा. शाफ्ट बदलल्यावर पस्तीस.

तिने माझ्यासमोरचा कागद ओढून घेतला. पंचवीसचा तीस. एक पॉइंट दोनचा चौथा घात. "वीसच्याही खाली यायला पाहिजे होतं की मग," ती म्हणाली. जरा थांबली. "बेअरिंगच्या घरावर डायल लावून बघितला होता का? आणि ब्रॅकेटचा पत्रा किती जाड आहे?"

पत्रा सहा मिलिमीटरचा आहे. त्यात मी वरून बासष्टचं भोक पाडून घेतलं होतं.

बाहेर अजून सहा जण बसले होते. मी स्टोअरला फोन लावला, म्हटलं डायल पाठव, मॅग्नेटिक स्टँडसकट, वॉशिंग मशिनपाशी.

"किती, मॅडम?"

"दोन."